म्होरके आधी जाऊ द्या

घर,
३ जून १९९६

शार्लीन,

तुझं ख्रिसमसचं कार्ड मार्चमध्ये पोचलं. त्यात 'सगळ्यांना प्रेम' एवढंच लिहिलं होतंस. सगळ्यांना म्हणजे नक्की कोणाला ते कळेना, म्हणून मी कुत्र्यांनाही वाचून दाखवलं.

नदीवरचा बर्फ गेला. बदकं आली. कर्टिस विमानातून टपाल घेऊन आला तेव्हा म्हणाला की या उन्हाळ्यातही तू त्या फेअरबँक्सच्या सहल कंपनीतच आहेस. दुकानात अर्नेस्टने मला विचारलं, "तुझी भाची हल्ली काय करते?" मी म्हटलं, "गोऱ्या लोकांना चालवते आणि नदीतून होडीने नेते." तो म्हणाला, "कुठे?" मी म्हटलं, "कुठे नाही. नुसतंच." त्याने कॉफीचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "आणि शिकार?" म्हटलं, "शिकारही नाही. बघतात आणि परत जातात." बिचारा कॉफी तशीच ठेवून घरी गेला. आम्ही दोघं आयुष्यभर याच डोंगरांत पोटासाठी चाललो, आणि लोक सुट्टी काढून तेच करतात हे त्याला पचेना.

गेल्या हिवाळ्याबद्दल तुझ्या कानावर आलंच असेल. कॅरिबू आलेच नाहीत. हरणांचा कळप उत्तरेच्या किनाऱ्यावरून नेहमीसारखा खाली आला, शीनजेक नदीपर्यंत पोचला, आणि तिथून माघारी फिरून पूर्वेला कॅनडात गेला. आम्ही इकडे डोंगरावर दुर्बीण लावून बसलो होतो. पंधरा दिवस बसलो. नदी ओलांडून एकही आला नाही. मग वर्षभर डब्यातलं मांस आणि विमानाने आलेली कोंबडी. त्या कोंबडीला अशी काही चव असते की वाटतं ती कापली नसावी, कंटाळून मेली असावी. मांस सुकवायच्या माझ्या खोपटात चाळीस वर्षांत पहिल्यांदा धूर झाला नाही.

या ऑगस्टला घरी ये. कळप आला तर मांस कापायला हात लागतील. गेल्या ऑगस्टपासून तू फिरकलेली नाहीस, ख्रिसमसलाही नाही. तुझी आई असती तर कान धरून घेऊन आली असती. मी आपली पत्र लिहिते.

तुझी,
व्हेल्मा मावशी

*

फेअरबँक्स,
२१ जून १९९६

प्रिय मावशी,

तुझं पत्र कर्टिसने आणून दिलं आणि वर म्हणाला, "तुझी मावशी रागावलीय असं पाकिटाकडे बघूनच कळतं." तू तिकीट उलटं लावलं होतंस.

काम जोरात आहे. किनाऱ्याकडच्या एका नदीवरून परवाच आले. आठ पाहुणे होते. विमानात बसायच्या आधी कर्टिस सगळ्यांना काट्यावर उभं करून वजन करतो, आणि नेहमीप्रमाणे सगळे पोट आत ओढून उभे राहतात. जणू पोट आत घेतलं की विमान हलकं होतं. एकाने ओझं नको म्हणून टूथब्रशचा दांडा कापून आणला होता, आणि 'कमी सामानात प्रवास' या विषयावरची तीन जाडजूड पुस्तकं. ती पुस्तकं मीच वाहिली. एका बाईंनी मला विचारलं, "इथून सगळ्यांत जवळ काय आहे?" मी म्हटलं, "माझ्या मावशीचं घर." त्या खूश झाल्या. "किती लांब?" म्हटलं, "नऊ दिवस. तुम्ही भरभर चाललात तर."

पण मावशी, लोक चांगले असतात. चार दिवस गेले की घड्याळ बघणं बंद करतात. मग माझ्यासारखंच उगाच बसून डोंगर बघतात. मला ते आवडतं.

आता बातमी. हसू नकोस. डेनिसने (कंपनीचा मालक) मला मुख्य गाइड केलंय. या ऑगस्टची शीनजेकवरची सहल माझी. दोन रबरी राफ्ट, सहा पाहुणे, माझ्या हाताखाली एक मदतनीस. आपल्या लोकांतली या कंपनीतली मी पहिलीच. ही सहल नीट पार पडली तर पुढच्या वर्षी सगळ्याच माझ्या.

म्हणून ऑगस्टमध्ये नाही जमणार. मनापासून वाईट वाटतं. चहा, बॅटऱ्या आणि तुझा चष्मा पाठवतेय. चष्मा घालून वाच, नाहीतर पुन्हा म्हणशील मी बारीक लिहिते.

तुझी,
शार्लीन

*

घर,
४ जुलै १९९६

शार्लीन,

मुख्य गाइड! मी पत्र घेऊन तशीच दुकानात गेले आणि सगळ्यांना ऐकवलं. अर्नेस्टने टोपी काढली. त्याने टोपी काढलेली मी त्याच्या बायकोच्या मयतीनंतर पहिल्यांदा पाहिली. मग घरी येऊन चष्मा लावून परत वाचलं, तेव्हा लक्षात आलं. शीनजेकवर. ऑगस्टमध्ये.

तुला हे नव्याने सांगायला नको, तरी सांगते. पहिले दहा-बारा येतात ते म्होरके. त्यांच्यावर बंदूक उचलायची नाही, त्यांच्यासमोर उभं राहायचं नाही, खोकला आला तरी गिळायचा. ते नदी पार झाले की मागचे हजारो डोळे मिटून त्यांच्याच वाटेने येतात. ते बिचकले की हजारो बिचकतात. घरात पोरं उपाशी असताना माझ्या वडिलांनी म्होरके पुढ्यातून जाऊ दिले होते. त्यांनी दीड दिवस बंदूक मांडीवरून उचलली नाही, आणि मग आम्ही सगळा हिवाळा जेवलो.

गेल्या वर्षी शीनजेकच्या काठावर कोणीतरी उभं राहिलं. अर्नेस्टचा मुलगा हिवाळ्यात स्नोमोबाइलवरून तिकडे गेला होता. नदी ओलांडायच्या नेमक्या जागेवर तंबूंसाठी गोल मांडलेले दगड दिसले. कोणी गोराच असणार. आपल्यातलं कोण तिथे उभं राहील? गावच्या बैठकीत ठरलंय की सरकारी जमीन खात्याला पत्र लिहायचं, ऑगस्टमध्ये ती नदी बंद करा म्हणून.

तुमची कंपनी नव्हती ना? तुम्ही सगळे नदीवाले एकमेकांना ओळखता. कोण होतं ते शोधून काढ. नाव कळलं की मी स्वतः त्याला पत्र लिहिणार आहे. शिव्या इंग्रजीत लिहाव्या लागतील, तेवढी मदत कर.

मावशी

*

फेअरबँक्स,
१९ जुलै १९९६

प्रिय मावशी,

हे पत्र चार वेळा फाडलं. पाचव्यांदा एका दमात लिहितेय, खाडाखोड असली तरी तशीच पाठवणार.

ते आम्ही होतो. ती आमची कंपनी होती आणि मी तिथे होते.

तेव्हा मी मदतनीस होते. मुख्य गाइड पलीकडच्या वळणावर फाटलेली राफ्ट चिकटवत बसला होता आणि पाहुणे माझ्या ताब्यात होते. त्यांत मिस्टर हॉबन म्हणून एक आजोबा होते, एकोणऐंशी वर्षांचे. शेतकरी माणूस. फार गोड. मला 'पोरी' म्हणायचे आणि रोज सकाळी माझ्या आधी उठून पाणी भरून ठेवायचे. आम्ही काठावर बसलो होतो आणि समोरच्या काठावर म्होरके आले. अकरा. सगळ्यांत पुढे एक म्हातारी मादी, एक शिंग मोडलेलं. तिने पाण्यात पाय घातला. मागे सगळा डोंगर हलत होता, मावशी. इतके होते.

आणि मिस्टर हॉबन उभे राहिले. आनंदाने. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी हॅट काढली आणि तिला सलाम करायला हात वर नेला.

मी त्यांच्यापासून तीन हातांवर होते. माझ्या तोंडातून काय निघालं असेल? मी म्हटलं, "काही लोक अशा वेळी बसून राहतात."

ते माझ्याकडे वळून म्हणाले, "हो का? छान." आणि उभेच राहिले.

आपल्यात मी एवढं म्हटलं असतं तर कोणीही झटकन खाली बसलं असतं, आणि वर ओशाळलं असतं. त्यांना कळलंच नाही. त्यांना 'खाली बसा!' असं कोणीतरी ओरडायला हवं होतं, आणि मला ते जमेना. एकोणऐंशी वर्षांच्या माणसाला मी कशी आज्ञा करू? ती म्हातारी मादी थबकली. फुरफुरली. शेपटी वर करून वळली. मागचा डोंगरही वळला. तासाभरात समोर काही नव्हतं.

मिस्टर हॉबन म्हणाले, "किती सुंदर होतं, नाही?" मी म्हटलं, "हो."

त्यांची काही चूक नाही. त्यांना शिव्यांचं पत्र लिहू नकोस. मार्चमध्ये ते गेले. त्यांच्या मुलीने कळवलं की शेवटपर्यंत सगळ्यांना त्या मादीबद्दल सांगत होते. मी ख्रिसमसला का आले नाही ते आता तुला कळलं असेल. विमानतळावर येऊन बसले होते. मग कर्टिस चढवत होता ते सामान बघितलं, कोंबडीची खोकी होती, गावासाठी. मी परत फिरले.

बैठकीत नाव हवं असेल तर माझं सांग.

शार्लीन

*

फेअरबँक्स,
३ ऑगस्ट १९९६

प्रिय मावशी,

तुझं उत्तर आलं नाही. कर्टिसला विचारलं, पत्र नक्की दिलंस ना? तो म्हणाला, "हातात दिलं. तिने दारात उभ्याउभ्याच वाचलं. मग मला म्हणाली, आलाच आहेस तर शेगडीची नळी उतरवून दे. मी उतरवली, झाडली, परत बसवली. काजळीने माझा शर्ट गेला. ती एक शब्द बोलली नाही."

तू बोलत नाहीस म्हणजे काय ते मला माहीत आहे. ते मी भोगीन. पण सहल नवव्या तारखेला निघतेय आणि एक गोष्ट तुलाच विचारावी लागतेय, कारण दुसऱ्या कोणाला ती कळणारच नाही.

यंदाच्या सहामध्ये दोघं म्हातारी आहेत. मिसेस पेटिट, चौऱ्याहत्तर, आयुष्यभर शाळेत गाणं शिकवलेलं. काल त्या गोदामात आल्या आणि "गुड मॉर्निंग" म्हणाल्या तर टांगलेल्या राफ्ट हलल्या. आणि डॉक्टर लोवेल म्हणून एक दातांचे डॉक्टर, सत्तरच्या पुढचे. त्यांना कोणी काही सांगितलेलं आवडत नाही, त्यांनीच सगळ्यांना चाळीस वर्षं 'तोंड उघडा' सांगितलंय. म्होरके पुन्हा समोर आले आणि हे दोघं उभे राहिले तर? मी रोज सकाळी नदीवर जाऊन 'खाली बसा' म्हणायची प्रॅक्टिस करते. माशांसमोर जमतं.

मुख्य गाइड झालेय आणि मला एका म्हाताऱ्या माणसाला खाली बसवता येत नाही. हे डेनिसला सांगितलं तर तो हसेल. तू हसणार नाहीस, एवढं नक्की. काय करू?

शार्लीन

*

घर,
६ ऑगस्ट १९९६

शार्लीन,

सोबतचा कागद तुझ्या पाहुण्यांसाठी आहे. पहिल्या मुक्कामाला सगळ्यांना बसवून मोठ्याने वाच. एक शब्दही गाळायचा नाही, तुझ्याबद्दलचाही नाही. तुझं माझं बोलणं नंतर.

मावशी

शार्लीनच्या पाहुण्यांनो,

माझं नाव व्हेल्मा. वय एकोणसत्तर. तुमच्यातलं कोणी माझ्याहून मोठं असेल तर माफ करा, पण तरी ऐका.

तुम्ही ज्या नदीवर आहात तिच्या पश्चिमेला, डोंगरापलीकडे माझं घर आहे. कॅरिबू नदी ओलांडून आले तर ते माझ्या दारात येतील आणि आम्ही हिवाळाभर जेवू. न आले तर आम्ही कोंबडी खाऊ. ती तुमच्याकडची आहे, त्यामुळे जास्त बोलत नाही.

पहिले दहा-बारा दिसले की आडवे व्हा. बसू नका, आडवे व्हा. चमकणारं काही अंगावर ठेवू नका. चूल नाही, भांडी नाहीत, गाणं नाही. ते नदी पार होऊन दिसेनासे होईपर्यंत हलायचं नाही. कदाचित तासभर लागेल, कदाचित दोन दिवस. त्यांना घाई नसते. लघवीचा विचार आधी करून ठेवा. तुम्ही बघायला आला आहात हे मला माहीत आहे. आडवं पडूनही सगळं दिसतं, मी आयुष्यभर तसंच बघत आलेय.

आणि आता नीट ऐका. माझी भाची तुम्हाला हुकूम करणार नाही. मोठ्या माणसांना हुकूम करायचा नाही असं तिला शिकवलंय, आणि ते मी शिकवलंय. ती फक्त म्हणेल, 'काही लोक असं करतात.' तिने 'काही लोक' म्हटलं की त्याचा अर्थ 'आत्ता, ताबडतोब, मुकाट्याने' असा होतो. तो हुकूम तिचा नाही, माझा आहे.

दातांच्या डॉक्टरांनी विशेष लक्ष द्यावं.

व्हेल्मा

*

फेअरबँक्स,
२४ ऑगस्ट १९९६

प्रिय मावशी,

काल रात्री पोचलो. अजून अंगाला ओल्या शेवाळाचा वास येतोय. आधी काय झालं ते सांगते, मग जे विचारायचंय ते विचारते.

तुझा कागद पहिल्याच संध्याकाळी वाचला. 'दातांच्या डॉक्टरांनी' पर्यंत आले तेव्हा माझे कान तापले होते. डॉक्टर लोवेल म्हणाले, "या बाई माझ्या नर्स असत्या तर दवाखाना वीस वर्षं आधी नीट चालला असता." मिसेस पेटिटनी कागद मागून घेतला, घडी घालून स्वेटरच्या आत ठेवला, आणि त्यानंतर मी काहीही बोलले की सगळे माझ्या तोंडाकडे बघायचे. एकदा मी सहज म्हटलं, "काही लोक कॉफीत दूध घालत नाहीत," तर सहाच्या सहा जणांनी दूध खाली ठेवलं. ते हसणं पुढे तीन दिवस पुरलं.

दहा दिवस काही नाही. अस्वलाचे पाय उमटलेले, दोन मूस हरणं, लाल पडलेली बेरीची झुडपं. एकोणीसला शेवटच्या मुक्कामावर पोचलो. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत कर्टिस तिथेच गोट्यांच्या सपाट काठावर उतरून आम्हाला नेणार होता. नारिंगी ताडपत्री पसरलेली दिसली तर तो उतरतो, नसली तर नाही, असं आमचं ठरलेलं.

विसाव्या तारखेला सकाळी नऊला मी वल्ही बांधत होते. मान वर केली आणि समोरच्या काठावर नऊ उभे. मागे उतारावर सगळं झुडूप हलत होतं. मी म्हटलं, "काही लोक..." पुढचं म्हणायची वेळच आली नाही. माझ्यामागे सहा माणसं धपकन आडवी झाली. मिसेस पेटिट चौऱ्याहत्तराव्या वर्षी अशा पडल्या की मला वाटलं मोडल्या. मदतनिसाने तंबू नुसता पाडला आणि त्याच्यावरच झोपला.

म्होरके पाण्याशी यायचे आणि मागे जायचे. दहा वाजले. अकरा वाजले. थंड गोटे पोटाला टोचत होते. डॉक्टर लोवेल शेवाळात तोंड खुपसून पुटपुटले, "तिने लघवीचं सांगितलं होतं, मी ऐकायला हवं होतं." कोणी हसलं नाही, पण सगळ्यांची पाठ हलली.

साडेअकराला विमानाचा आवाज आला. ताडपत्री माझ्या पोटाखाली होती, मावशी. ती पसरायची एवढंच माझं काम होतं. कर्टिस उतरला असता, पाहुणे वेळेत घरी गेले असते, आणि माझी पहिली सहल नीट पार पडली असती. म्होरके मात्र गेले असते. मी मिसेस पेटिटकडे बघितलं. त्याच हळूच म्हणाल्या, "तू पसरलीस तर मी तुझ्या मावशीला कळवीन." मी पसरली नाही. कर्टिस उंचावरून एकदाच फिरला, पंख हलवले आणि निघून गेला.

दुपारी दोनला पहिली मादी पाण्यात उतरली. नऊच्या नऊ पोहत आल्या आणि आमच्यापासून दहा पावलांवर काठावर चढल्या. चालताना त्यांच्या पायांतून तो टकटक आवाज येतो ना, कोणी विणत बसल्यासारखा, तो इतक्या जवळून मी लहानपणानंतर ऐकला नव्हता. एकीने अंग झटकलं. सगळं पाणी डॉक्टर लोवेलांच्या चष्म्यावर. त्यांनी पुसलं नाही. मादी विलोच्या झुडपांतून पश्चिमेला गेली. तुझ्याकडे. मग बाकीच्या. मग संध्याकाळपासून कळप सुरू झाला तो दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत नदीतून येतच राहिला. मी रडले. लाज वाटली नाही, सगळेच रडत होते. मिसेस पेटिट मोठ्याने रडत नव्हत्या, एवढंच विशेष.

मग धुकं उतरलं आणि कर्टिसला दोन दिवस येताच आलं नाही. सगळ्यांची पुढची विमानं चुकली. डेनिस धावपट्टीवरच उभा होता. सगळ्यांसमोर म्हणाला, "विमान परत पाठवायचं हे तू ठरवलंस? कोणाला विचारून?" मी म्हटलं, "कोणाला नाही. मी ठरवलं." पुढच्या वर्षी मुख्य गाइड मी असेन की नाही ते तो हिवाळ्यात सांगणार आहे. पाहुणे त्याच्याशी भांडले. पण कंपनी त्याची आहे आणि त्याचंही काही चुकत नाही. नोकरी गेली तर वाईट वाटेल, मला ही नोकरी आवडते. तरी मी पुन्हा तसंच करीन.

आता विचारते. आले का ते? डोंगर ओलांडून आले का? आणि मी घरी येऊ का? गेल्या वर्षीचा हिवाळा माझ्यामुळे गेला, तो या एका दिवसाने भरून निघत नाही हे मला कळतं. तू 'नको' म्हणालीस तरी समजेन. फक्त उत्तर दे, मावशी. गप्प राहू नकोस.

शार्लीन

*

घर,
३ सप्टेंबर १९९६

शार्लीन,

आले.

सत्तावीसला सकाळी अर्नेस्ट डोंगरावरून खाली पळत आला. पळत! गुडघे आहेत हे तो विसरला होता. त्याला धाप लागल्यामुळे बोलता येईना, पण बोलायची गरजच नव्हती. आम्ही म्होरके गावावरून जाऊ दिले. शाळा सोडून दिली आणि पोरांना घरात गप्प बसवलं. तिसऱ्या दिवशी बंदुका काढल्या. आता प्रत्येक घरात मांस आहे आणि माझ्या खोपटातून इतका धूर निघतोय की कर्टिसने आग लागली समजून दोन चकरा मारल्या.

आता माझ्या गप्प बसण्याबद्दल. मी तुझ्यावर रागावले असं तुला वाटलं. तुझं पत्र मी उभ्याउभ्या वाचलं, कारण बसले असते तर उठता आलं नसतं. मग कर्टिसला नळी उतरवायला लावली. त्याच्यासमोर माझा चेहरा नको होता, म्हणून त्याला काजळीत घातला.

तू विसरली असशील. तू सात वर्षांची होतीस. आपण सगळे होडीतून मासेमारीच्या तळावर जात होतो आणि तुझे आजोबा होडीत उभे राहिले. तू ओरडलीस, "आजोबा, खाली बसा!" मी तुझ्या कानशिलात मारली. सगळ्या नातेवाइकांसमोर, चांगली सणसणीत. म्हटलं, मोठ्यांना असं बोलतात? आणि दोनच मिनिटांत आजोबा पाण्यात पडले. त्यांना ओढून वर घेतलं, ते हसत होते, आम्ही सगळे हसत होतो. तू हसत नव्हतीस. त्यानंतर तू कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला कधी 'बस' म्हणाली नाहीस, 'ऊठ' म्हणाली नाहीस. लोक म्हणायचे, व्हेल्माने पोरीला काय छान वळण लावलंय. मी मिरवायची.

ते मिस्टर हॉबन उभे राहिले तेव्हा तुझ्या तोंडावर माझा हात होता, शार्लीन. बावीस वर्षं तो मी काढलाच नाही. ज्या गोऱ्या माणसाला मी शिव्यांचं पत्र लिहिणार होते ती मीच निघाले. हे पचायला मला तीन आठवडे लागले.

अकरा ऑगस्टला गावच्या हॉलमध्ये मी तुझं पत्र सगळ्यांसमोर वाचलं. तू नाव सांग म्हणाली होतीस, मी सांगितलं. मग होडीची गोष्टही सांगितली. अर्नेस्ट म्हणाला, "ती थप्पड मला आठवते. मी पलीकडच्या काठावर होतो, तिथे ऐकू आली." मग सगळे एकदम बोलायला लागले, आणि कोणीही तुझ्याबद्दल वाईट बोललं नाही. जमीन खात्याला पत्र जाणार आहे, पण नदी बंद करा असं नाही. ऑगस्टमध्ये नदीवर येणाऱ्या प्रत्येकाला माझा तो कागद वाचून दाखवा, असं. डेनिसलाही एक पाठवलाय. सोबत मांसाचा तुकडा आहे. वाळवलेला.

आता कामाचं. शुक्रवारी कर्टिस इकडे येतोय. त्याच्या विमानात बस. कापायला हात कमी पडताहेत, आणि मांडवाच्या वरच्या दांडीवर मांस टांगायला या वयात मीच चढतेय. शिडी डुगडुगते. खाली सगळं गाव माना वर करून उभं असतं आणि वळणाची माणसं असल्यामुळे एक जण तोंड उघडत नाही. पडून मरेन एखाद्या दिवशी.

तू ये. खाली उभी राहा आणि सगळ्यांसमोर माझ्यावर ओरड, "मावशी, उतर खाली!"

मी उतरेन.

तुझी,
व्हेल्मा मावशी